तांबडी पकडत नाही

दुपारचे सव्वादोन वाजलेत. रेवा झोपलीय की झोपेचं सोंग करतेय, हे अजून मला नक्की कळलेलं नाही. मी पाळण्याशेजारी चटईवर आडवी झालेय आणि दोरी माझ्या हातात आहे. ओढली की आढ्याला कर्र, सोडली की पुन्हा कर्र. कर्र थांबली की रेवा एक डोळा उघडते. आठ महिन्यांची पोर, पण माणसाला कामाला कसं लावायचं ते पोटातूनच शिकून आलीय. हिरड्या शिवशिवतात म्हणून चार दिवस ती दिसेल ते तोंडात घालतेय. माझं बोट, चादरीचं टोक, संग्रामदादाच्या मोबाईलचा कोपरा. दात काही येत नाही. झोप मात्र आम्हा सगळ्यांची गेलीय.

दोरी म्हणजे दोरीसुद्धा नाही, सुतळी आहे. पाळण्याची खरी दोरी सापडेना, तेव्हा आईनं दादानं टाकून दिलेल्या कचऱ्यातून ही उचलली. दादानं परवा तांबडी पुसायला घेतली, तेव्हा तिच्या अंगावर पोळ्याच्या माळांच्या सुतळ्या अजून लटकत होत्या. त्या सगळ्या त्यानं विळ्यानं कापून उकिरड्यावर टाकल्या. आई म्हणाली, "चांगली सुतळी, वाया कशाला घालायची?" आणि त्यातली सगळ्यात लांब आणि जाड सुतळी गरम पाण्यात धुऊन, माझ्या हाताला रुतू नये म्हणून टोकाला चिंधी गुंडाळून तिनं पाळण्याला बांधली. दोनदा धुतली तरी डिझेलचा वास काही गेला नाही.

मला झोपायचं नाहीये. पाच वाजता टेम्पो येणार आहे तांबडीला न्यायला, आणि त्याच्या आत मला ती सुरू करून दाखवायचीय.

तांबडी म्हणजे आमचा जुना ट्रॅक्टर. आमच्या वस्तीवर गाईंना नावं असतात तशी ट्रॅक्टरांनाही होती. आजोबांनी घेतलेली तांबडी, परदेशातून बोटीनं आलेली, एका सिलिंडरची. आणि पुढे आप्पांनी कुठून तरी अर्धी मोडलेली आणली ती भुरी. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी भुरीचा एकेक अवयव काढून तांबडीला बसवला. तिचं आता लोखंडी सीट उरलंय तेवढं, त्यावर कोंबड्या बसतात. आप्पा पोळ्याला बैलांच्या रांगेत तांबडीही उभी करायचे. तिला माळ, तिला गुलाल, बॉनेटवर पुरणपोळी. आई म्हणायची, "निदान तुपाची धार तरी कमी धरा, लोखंड आहे ते." आप्पा म्हणायचे, "बैलाला कुठं कळतं साजूक आहे का डालडा?"

आप्पा गेल्या जूनमध्ये गेले. तेव्हापासून तांबडी बंद.

दादाचंही चुकत नाही, हे मला कळतं. एवढा कांदा काढून शेतात ताडपत्रीखाली पडलाय. रोज दुपारून आभाळ येतं. कांद्याला छपराखालची जागा हवी आणि आमच्याकडे एकच शेड आहे, तिच्या मधोमध तांबडी. ढकलून हलवायची म्हटली तर आठ माणसं लागतात. बाहेर उभी केली तर पावसाळ्यात गंजून जाईल. दादा म्हणाला, "हर्षू, सुरू झाली तर स्वतःच्या पायांनी बाहेर जाईल. मी तिला कडेला पत्रे टाकून देतो, शब्द माझा. नाही झाली तर भंगारात. मला रोज तिच्याकडे बघून जीव नको होतो."

चार दिवस आम्ही खपतोय. रज्जाक फिटर आला, त्यानं टाकी धुतली, पंप खोलला, डिझेलच्या नळीतली हवा काढली. घाम पुसत म्हणाला, "ताई, इंजिनात काही खोट नाही. डिझेल येतंय, दाब आहे. नुसती पकडत नाही. आप्पांनाच विचारा एकदा." आणि मग त्याचं त्यालाच कळलं, तो पाना शोधायला खाली वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

तांबडीला बटण नाही. पुढून हँडल मारावं लागतं. हँडल हलकं फिरावं म्हणून इंजिनाच्या डोक्यावर एक लहानशी खिट्टी आहे. ती वर असली की इंजिन हलकं होतं. फिरवत फिरवत वेग आणायचा आणि ऐन वेळेला खिट्टी खाली पाडायची, की पकडतं. लवकर पाडली तर हँडल दगडासारखं अडतं. उशिरा पाडली तर नुसती फुस्स. चार दिवस आमची फुस्स चाललीय. रज्जाक हँडल मारतो, दादा खिट्टीपाशी. फुस्स. दादा हँडल मारतो, मी खिट्टीपाशी. फुस्स.

आणि वैताग याचा, की हे काम माझंच होतं! सात वर्षांची असल्यापासून टोमॅटोच्या क्रेटवर उभी राहून ती खिट्टी मी पाडायचे. आप्पा पुढून "पाड!" ओरडायचे, मी पाडायचे. मग मी शिकायला पुण्याला गेले, तिथंच नोकरी, तिथंच लग्न. त्यानंतर आप्पा तांबडी एकट्यानं सुरू करायला लागले. कशी, ते कुणालाही माहीत नाही. आधी शेडचं दार लावून घ्यायचे. आतून चार-पाच घरघर, मग धड, धड, धड, आणि मग दार उघडून धुरातून आप्पा बाहेर.

"आप्पा, एकटे कसे सुरू करता?"

"सांगतो."

आप्पांचं सगळं आयुष्य या एका शब्दावर निघालं. मोटारीचं फ्यूज कुठून जातं? सांगतो. पाइपलाइन बांधाखालून कुठून गेलीय? सांगतो. माणूस गेल्यावर आम्हाला कळलं, की त्यांनी आपल्यामागे नुसते 'सांगतो' ठेवलेत.

ते गेले तेव्हा मला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी पलंगावरून पाय खाली ठेवायची मनाई केली होती. आदल्या दिवशी फोनवर मी विचारलं होतं, तांबडी कशी आहे. म्हणाले, "तू बाळाला घेऊन ये, मग सांगतो."

आले की. घेऊन आले. आता सांगा.

कर्र. पापण्या जड होतायत. मी स्वतःला चिमटा काढते. फक्त दहा मिनिटं, रेवा नीट झोपली की शेडमध्ये जायचं. कर्र. पंखा गेला, म्हणजे लाईट गेली. पत्र्यावर कावळा चालतोय. कर्र. मी सुतळी सोडते आणि ती परत माझ्याकडे ढिली यायला हवी, ती येत नाही.

पलीकडून कुणीतरी ओढतंय.

"केवढ्यानं ओढतेस," पाळण्यापलीकडून आप्पा म्हणतात. "पोरगी आहे ती, विहिरीतली बादली नाही."

ते भिंतीला टेकून बसलेत. बंडी, दुमडलेला पायजमा, खांद्यावर तोच चौकटीचा टॉवेल. मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. राग मात्र येतो.

"आता आलात?"

"मग कधी येऊ? सकाळपासून घरात गर्दी. तो रज्जाक, तो संग्राम. चहा कर."

"आप्पा, चहा नंतर. पाच वाजता टेम्पो येतोय."

"कुणाला न्यायला?"

"तांबडीला!"

"बरं," आप्पा म्हणतात. "मग चहा कर. तुझ्या आईसारखा पातळ नको."

मी उठते. चहाचं पातेलं घ्यायला फडताळ उघडते तर आत शेड आहे. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली आल्यात आणि मधोमध तांबडी उभी आहे, नव्या रंगाची, ओली. माझ्या पायाखाली टोमॅटोचं क्रेट आहे. मी सात वर्षांची आहे आणि माझ्या कडेवर रेवा आहे. ती मला फार मोठी होतेय, सारखी घसरतेय.

आप्पा इंजिनाच्या पोटाखाली शिरलेत. नुसते पाय दिसतात.

"आप्पा, बाहेर या. कशी सुरू करायची तेवढं सांगा."

"सोळा-सतराचा पाना दे."

"देते. आधी सांगा."

"पाना आधी."

पाना देते. त्यांचा हात बाहेर येतो, पाना घेतो, आत जातो. आतून खुडबुड.

"आप्पा?"

"हं."

"सांगताय ना?"

"अगं, सांगतो. चौदा-पंधराचा दे."

"तुम्ही हे मुद्दाम करता," मी म्हणते. सात वर्षांच्या आवाजात मला तेहतीस वर्षांचं भांडण करावं लागतं आणि तेही नीट जमत नाही. "आयुष्यभर हेच. मला हँडलला कधी हात लावू दिला नाहीत. पोरीची जात म्हणालात."

खुडबुड थांबते.

"पोरीची जात असं मी कधी म्हणालो?"

"आजी म्हणाली. तुम्ही गप्प बसलात."

"हँडल उलटं मारतं गं. शिंद्यांच्या नानाचं मनगट कसं लोंबत होतं, पाहिलं नव्हतंस तू. तुझं केवढंसं मनगट."

"मग तसं सांगायचं होतं."

मी क्रेटवरून उतरून खाली वाकून बघते. तिथं आप्पा नाहीत, तिथं कोपरगावचं एसटी स्टँड आहे.

फलाट क्रमांक चारवर तांबडी लागलीय. मडगार्डवर एक म्हातारी बोचकं घेऊन बसलीय, दोन कॉलेजची पोरं सीटसाठी भांडतायत. भोंग्यातून सांगतात, पुण्याला जाणारी गाडी पकडत नाही, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. माझ्या हातात ती निळी सूटकेस आहे, जिचं एक चाक पहिल्याच दिवशी निघालं होतं. मी अठरा वर्षांची आहे. रेवा सूटकेसवर बसून तिचं हँडल चघळतेय.

आप्पा शेजारी उभे आहेत. त्यांच्या हातात केळी आहेत, कारण त्या दिवशीही होती.

"आप्पा, त्या दिवशी तुम्ही बसपाशी काहीतरी बोलणार होतात."

"मी? छे."

"तोंड उघडलं होतं. मग गाडी सुटली."

"केळी घे म्हणत असेन."

"केळी माझ्या हातात होती!"

कंडक्टर ओरडतो, "चला, बोलणं आवरा, खिट्टी कोण पाडणार?" सगळे प्रवासी माझ्याकडे बघतात. मी म्हणते, मी पुण्याला चाललेय. म्हातारी बोचकं आवळत म्हणते, "मग आता ह्यांचं कसं व्हायचं?" आप्पा दुसरीकडे बघतात. सालीचा एक धागा काढतात, मग दुसरा. एवढा मोठा माणूस आणि केळं सोलायला इतका वेळ.

मी तेव्हा खिडकीशी बसले होते आणि मला एकदाही वाटलं नाही, की उद्या सकाळी खिट्टीपाशी कुणी नसेल.

"संग्राम होता की," मी म्हणते, जणू त्यांनी काही विचारलंय.

"होता," आप्पा म्हणतात.

"मग?"

"सांगतो," ते म्हणतात आणि केळं म्हातारीला देऊन टाकतात.

माझं डोकं फिरतं. मी सूटकेस खाली आपटते. तिचा आवाज स्टीलच्या ट्रेसारखा येतो, कारण हा दवाखाना आहे. लांब खोली, दोन्ही बाजूंना पलंग, प्रत्येकावर एकेक बाई आणि प्रत्येकीशेजारी एकेक पाळणा. माझ्या पलंगाशेजारी तांबडी आहे. तिच्या हँडलला नाव लिहिलेली पट्टी बांधलीय. पांढऱ्या कपड्यांतली सिस्टर म्हणते, "हिला बाहेर काढा, धूर बाळांना चालत नाही." मी म्हणते, सिस्टर, ती धूर सोडतच नाहीये, तोच तर प्रश्न आहे. सिस्टर कागदावर लिहिते: पकडत नाही.

आप्पा काचेच्या दारापलीकडे उभे आहेत. आत येत नाहीत.

"या ना आत."

ते काचेवर बोट ठेवून पाटी दाखवतात. भेटायची वेळ संपली.

"कुणी बघत नाहीये. या."

"माझी वेळ संपली गं," ते म्हणतात. त्यात रडू नाही, काही नाही. दुकान बंद झाल्यावर दुकानदार सांगतो तसं.

पलंगावरून पाय खाली ठेवायची मला मनाई आहे. मी ठेवते. फरशी गार आहे. रेवाला उचलून मी दारापर्यंत जाते आणि ते उघडते. ते उघडंच होतं. दोघांनाही जरा ओशाळल्यासारखं होतं.

"ही रेवा," मी म्हणते.

आप्पा बघतात. रेवाही बघते. तिनं अनोळखी माणसाला बघून भोकाड पसरायला हवं, पण ती टॉवेलची चौकट बघतेय.

"घ्या."

"हात काळे आहेत."

"घ्या हो."

"कपडे खराब होतील हिचे. पांढरं घातलंयस."

"धुता येतं, आप्पा! पांढरंसुद्धा धुता येतं! दहा महिने मी या एका गोष्टीसाठी..." मी आणखी चिडते. "तुमचे हात कधी गोरे होते? मला घेतलंतच ना?"

ते टॉवेलनं हात पुसतात. पुसत राहतात. बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला. टॉवेल काळा होत नाही आणि हात गोरे होत नाहीत. शेवटी ते एकच बोट पुढं करतात, करंगळी, त्यातल्या त्यात बरी. रेवा दोन्ही हातांनी ती पकडते आणि थेट तोंडात घालते.

"अरे, अरे," आप्पा म्हणतात. पण बोट काढून घेत नाहीत. "चावते की. दात कुठायत हिचे?"

"यायचेत अजून. उशीर झालाय."

"येतील. घाई काय आहे. माझे गेले, हिचे येतील."

आणि ते हसतात, तेव्हा मला पहिल्यांदा दिसतं. इतका वेळ त्यांच्या तोंडात सगळे दात होते. आता वरचे समोरचे दोन नाहीत. सहा वर्षांपूर्वी गेले ते. मी दिवाळीला घरी आले होते तेव्हा तोंडाला रुमाल लावून बसले होते. म्हणाले, उसाचं कांडं कठीण निघालं.

"आप्पा, हे दात उसानं पडले ना?"

रेवाच्या तोंडातलं बोट एकदम स्थिर होतं.

"सांगतो."

"सांगतो नाही!" माझा आवाज सगळ्या खोलीत जातो, पलंगावरच्या बायका उठून बसतात. "आप्पा, तुम्ही गेलात! तुमच्याकडे आता 'सांगतो' नाहीये! माझ्याकडे पाच वाजेपर्यंत वेळ आहे. ती गेली की मी हिला काय दाखवू? फोटो? फोटोतसुद्धा तुम्ही पाठमोरे आहात, इंजिनात डोकं घालून! सांगा आत्ता."

आप्पा चोरी पकडलेल्या पोरासारखे उभे आहेत. आम्ही शेडमध्ये आहोत. दार लावलेलं आहे. या शेडमध्ये दार लावल्यावर मी कधीच नव्हते.

"हसशील," ते म्हणतात.

"नाही हसत."

"संग्रामला हाक मारली होती गं. आला होता तो, दोन-तीनदा. पण मी 'पाड' म्हणणार, ते त्याला ऐकू जाणार, मग त्याचा हात हलणार. तेवढ्यात वेळ निघून जाते. दोष त्याचा नाही."

"मग माझ्या वेळी?"

"तू कुठं माझं ऐकून पाडायचीस? मी ओरडायच्या आधीच तुझा हात खाली. माझा खांदा बघायचीस तू. मी आपला उगाच ओरडायचो, बाप आहे म्हणून."

मला ते आठवत नाही. मला फक्त "पाड" आठवतं. आणि मग आठवतो बंडीतला तो खांदा, एका क्षणी हलका होणारा.

"दादाच्या खांद्यातलं मला काहीच कळत नाही," मी म्हणते. "सकाळी करून बघितलं."

"कळायचं नाही. ज्याच्या हातात हँडल, त्यालाच कळतं. दोन्ही हात तर हँडलला." ते खिशातून काहीतरी काढतात, लांबलचक. एक टोक खिट्टीला बांधतात, माझ्याकडे पाठ करून, सावकाश. दुसरं टोक घेऊन पुढं हँडलपाशी येतात. एकदा माझ्याकडे बघतात. मग ते टोक दातात धरतात.

मी हसणार नव्हते.

"हसलीस."

"नाही."

"म्हणून दार लावायचो. तोंडात सुतळी धरून बैलासारखी मान झटकणारा बाप गावाला दाखवू? निदान बैलाची वेसण नाकात असते." ते सुतळी तोंडातून काढून बोलतायत, परत धरतायत, परत काढतायत. "हात हलका झाला की मान मागं. बस. एकदा मान जास्तच मागं गेली. खिट्टी पडली, आणि हे दोघंही पडले."

"आणि तुम्ही उसाला बदनाम केलंत!"

"मग? तुला फोन करून सांगू, की तू गेलीस म्हणून मी सुतळी चावतो?"

हे ते चेष्टेत म्हणतात. म्हणून झाल्यावर दोघंही चेष्टा कुठं गेली ते शोधत उभे राहतो. उन्हाच्या काड्यांत धूळ फिरतेय. रेवा माझ्या खांद्यावर डोकं टेकून त्यांच्याकडे बघतेय.

"तुझ्या जागी सुतळी लावली," आप्पा म्हणतात. "बरी होती. तुझ्यासारखी उलट बोलायची नाही."

"आप्पा."

"आता काय?"

"ती सुतळी कुठंय?"

आप्पांना एकदम आनंद होतो. त्यांचा चेहरा मला माहीत आहे. कोणी त्यांना उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारला की असाच व्हायचा. ते टॉवेल खांद्यावर नीट टाकतात, हँडलवर एक हात ठेवतात, तोंड उघडतात.

"सांगतो," ते म्हणतात.

कर्र.

पंखा फिरतोय. लाईट आलीय. गालाला चटईचे वळ, तोंडाला कोरड. घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं. इतकी मी कशी झोपले? आणि रेवा? रेवा पाळण्यात जागी आहे, पाय हवेत धरून, कधी नव्हे ती गप्प. माझ्याकडे बघतेय, जणू मला उठवायचं नाही असं तिला कुणी बजावलंय.

सांगतो! शेवटपर्यंत सांगतो! मी इतकी चिडते, की डोळ्यांतून पाणी येतं. दहा महिन्यांनी आलात, अडीच तास माझे खाल्लेत, चहा मागितलात, पाने मागितलेत, आणि ऐन वेळेला...

मी डोळे पुसायला हात उचलते तर पाळणाही हलतो. सुतळी माझ्या मुठीत आहे. झोपेत इतकी घट्ट धरलीय, की आईनं गुंडाळलेली चिंधी सुटून चटईवर पडलीय. आतलं टोक मी आत्ता पहिल्यांदा बघतेय. बाकीची सुतळी पिंजलेली, मऊ. एवढं वीतभर टोक मात्र काळं, कडक, चपटं. चेपून चेपून त्याची पट्टी झालीय. त्यावर खाचा आहेत, बारीक, शेजारी शेजारी, एकाच मापाच्या. मी ते नाकाशी नेते. डिझेल.

बाहेरून दादाचा आवाज. "हर्षू! टेम्पोवाल्याचा फोन आला, फाट्यावर आलाय. उठलीस का?"

पाळण्याची गाठ आईनं मारलेली, म्हणजे सुटणं कठीण. मी विळीवर कापते. एका कडेवर रेवा, एका हातात सुतळी, पायात चप्पल नाही, अंगणातली फरशी भाजतेय. दादा शेडच्या दारात उभा आहे. डोळ्यांखाली काळं झालंय त्याच्या. कुणी काही म्हणत नाही, पण चार दिवस जास्त वेळा हँडल त्यानंच मारलंय.

"हे खिट्टीला बांध," मी म्हणते. "आणि हे टोक दातात धर."

"काय?"

"दोन्ही हात हँडलला. कुणी 'पाड' म्हणायचं नाही. तुझा हात हलका झाला की मान मागं घे. जपून घे."

"हर्षू, तू झोपेत आहेस का?"

"दादा, धर."

तो सुतळी घेतो. उलटसुलट करून बघतो. टोकाशी येऊन त्याचं तोंड वाकडं होतं. "शी! चावून चोथा केलाय. ही रेवाचीच करामत."

आपलं नाव ऐकून रेवा मामाकडे बघते आणि हसते, तोंडभर, दोन्ही हिरड्या दाखवत.

"दादा," मी म्हणते, "रेवाला अजून एकही दात नाही."

दादा सुतळीकडे बघतो. अंगठ्यानं त्या खाचांवरून एकदा हात फिरवतो, परत एकदा फिरवतो. मग आत जातो. खिट्टीला गाठ मारायला त्याला फार वेळ लागतो. हँडलपाशी येऊन तो टोक दातात धरतो आणि तसाच, दात न उघडता, मला म्हणतो, "दार लाव."

"नाही लावणार," मी म्हणते. "हिला बघू दे."

तो मान हलवतो. वैतागलाय. दोन्ही हात हँडलला घालतो. एक फेरा. दोन. पाच. आई ओसरीवरून येऊन माझ्या मागे उभी राहिलीय. घरघर वाढतेय, त्याचा खांदा ओढला जातोय, जड, जड, जड, आणि कुणीही काहीही न ओरडता त्याची मान मागं जाते.

भुरीच्या सीटवरच्या सगळ्या कोंबड्या एकदम उडतात.

फाटकाशी टेम्पो येऊन थांबलाय. ड्रायव्हर हात खिडकीबाहेर काढून हॉर्न वाजवतोय असं दिसतं. ऐकू काहीच येत नाही.